स्फोट संपला, जागल संपली नाही

प्रश्न : मी मंगरुळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे मोठेबाबा लष्करात होते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये त्यांच्या पुढच्या गाडीखाली सुरुंग फुटला. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. दोन-तीन दिवस कानात घंटा वाजत होती आणि डोकं जड होतं, एवढंच. गावात आजही सगळे सांगतात, ‘देवाची कृपा, त्याईले काईच नाई लागलं.’ आता त्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. डोकं दुखतं, झोप लागत नाही, माणसांची नावं आठवत नाहीत. शिवाय वर्षातून तीन-चारदा ताप आणि खोकला येतो, तो पंधरा-पंधरा दिवस हटत नाही. हाताचे सांधे आखडतात. डोक्याचं स्कॅन नॉर्मल आलं आहे. सोयाबीन काढायला हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, सुरू झाला की ते वावर सोडून धुऱ्यापलीकडे जाऊन बसतात. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जे लागलंच नाही, त्याचा त्रास इतक्या वर्षांनी होऊ शकतो का? डोक्याला बसलेल्या धक्क्याचा रोगप्रतिकारशक्तीशी काय संबंध? आणि घरचे म्हणतात तसे मोठेबाबा घाबरट झाले आहेत का?

उत्तर : तुमच्याकडे विहीर खोदताना काळा पाषाण लागला की सुरुंग लावतात. माणसं लांब जाऊन उभी राहतात आणि बार उडतो. एखादा दगडही विहिरीच्या तोंडाबाहेर येत नाही, तरी वावरापलीकडच्या घरात फळीवरची भांडी खणखणतात. त्या भांड्यांना काय ‘लागलं’? आपल्या बोलीत लागणं म्हणजे रक्त येणं, सूज येणं, हाड मोडणं. जे बोट ठेवून दाखवता येतं ते लागलं. स्फोटाचं गणित मात्र वेगळं असतं.

स्फोटक पेटतं तेव्हा घन पदार्थाचा निमिषात तापलेला वायू होतो. तो भोवतालच्या हवेला इतक्या जोराने रेटतो की दाबाची एक भिंतच आवाजाहून अधिक वेगाने चहूकडे धावत सुटते. माणसाच्या अंगातून आरपार जायला तिला सेकंदाचे काही हजारावे भाग पुरतात. ती पुढे गेली की पाठोपाठ दाब नेहमीच्याही खाली उतरतो. म्हणजे आधी दाबलं जातं आणि लगेच ओढलं जातं. लष्करी वैद्यकात स्फोटाच्या इजेचे चार प्रकार मानतात. पहिली इजा या दाबलाटेची. दुसरी उडून येणाऱ्या तुकड्यांची. तिसरी माणूस फेकला जाऊन आपटल्याची. चौथीत भाजणं, धूर, विषारी वायू वगैरे बाकीचं सगळं येतं. गावाला आणि वर्तमानपत्राला दुसरी, तिसरी आणि चौथी दिसते. तुझ्या मोठेबाबांच्या वाट्याला बहुधा पहिली आली असावी, आणि ती कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. गाडीत, खोलीत किंवा भिंतीजवळ असलेल्या माणसाला ही लाट परतून पुन्हा झोडपते, त्यामुळे तिथला मार मोकळ्या रानापेक्षा जास्त असतो.

कवटीच्या आत काय होतं हे समजायला विरजण लावलेलं मडकं डोळ्यांपुढे आण. घट्ट लागलेल्या दह्याला जोराचा हिसका बसला तर ते मध्येच फुटत नाही. मडक्याच्या कडेला, जिथे दही आणि माती भेटतात तिथे ते सुटतं आणि त्या फटीत पाणी दिसू लागतं. मेंदूही एकसंध गोळा नाही. करडा भाग वेगळ्या घनतेचा, पांढरा भाग वेगळ्या, मधल्या पोकळ्यांत पाणी, सगळीकडे रक्तवाहिन्यांचं जाळं. दाबलाट प्रत्येकातून वेगळ्या गतीने जाते आणि ताण पडतो तो सांध्यांवर. अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठातल्या डॅनियल पर्ल आणि सहकाऱ्यांनी 2016 साली स्फोटांना सामोऱ्या गेलेल्या मृत सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बारीक व्रण त्यांना नेमके अशा सांध्यांवर सापडले. करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर, रक्तवाहिन्यांभोवती, पोकळ्यांच्या कडेला आणि मेंदूच्या वरच्या आवरणाखाली. साध्या टकरीने किंवा पडण्याने झालेल्या दुखापतीत व्रणांची अशी मांडणी त्यांना दिसली नव्हती.

हे व्रण माणूस गेल्यावर, मेंदूचे पातळ काप रंगवून पाहिले तेव्हा दिसले. नेहमीच्या स्कॅनवर ते उमटत नाहीत. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची मोड उत्तम दाखवतो. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल’ याचा अर्थ रक्तस्राव नाही, गाठ नाही, मोड नाही, इतकाच घ्यायचा. ही चांगली बातमी आहे. पण ‘काहीच झालं नाही’ असा अर्थ त्यातून काढू नकोस.

अशी चूक गावातच होते असं नाही. 8 जानेवारी 2020 रोजी इराणने इराकमधल्या, अमेरिकी सैन्य असलेल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं डागली. सुरुवातीला जाहीर झालं की एकही सैनिक जखमी नाही. पुढच्या काही आठवड्यांत तपासण्या होत गेल्या आणि मेंदूला इजा झालेल्यांचा आकडा शंभराच्या वर गेला. त्याही आधी, पहिल्या महायुद्धात, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने फेब्रुवारी 1915 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द छापून आणला. तोफगोळा जवळ फुटल्यावर दिसणं, चव, वास, आठवण बिघडलेल्या तीन सैनिकांची ती हकिगत होती. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक मॉट यांनी अशा मृत सैनिकांच्या मेंदूत टाचणीच्या टोकाएवढे रक्तस्राव पाहिले. मेंदूला खरोखर मार बसतो की मन खचतं, हा वाद त्यानंतर कित्येक दशकं चालला. त्या युद्धात भित्रेपणा आणि पळून जाणं अशा आरोपांखाली ब्रिटनने आपल्याच फौजेतल्या 306 जणांना गोळ्या घातल्या आणि त्यांना माफी दिली ती 2006 साली. त्यांच्यातल्या किती जणांच्या कानाशी गोळा फुटला होता, हे विचारायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. तुझ्या तिसऱ्या प्रश्नातला ‘घाबरट’ हा शब्द वाचताना मला हे आठवलं. त्याच्याकडे शेवटी वळतो.

आता रोगप्रतिकारशक्तीचं बघू. तुझ्या पत्राचा जीव या प्रश्नात आहे.

पूर्वी पुस्तकांत असं शिकवायचे की मेंदू शरीराच्या संरक्षण यंत्रणेपासून अलग आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक घट्ट पडदा असतो आणि बाहेरच्या पांढऱ्या पेशींना आत मज्जाव असतो. पडदा आहे हे खरं, पण आतही राखण करणारे आहेत. 1919 साली पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने मेंदूतल्या काही बारीक पेशी रंगवून वेगळ्या दाखवल्या आणि त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिलं. या पेशी मज्जातंतूंच्या कुळातल्या नाहीत, त्या संरक्षण यंत्रणेच्या कुळातल्या आहेत. गर्भ अगदी लहान असतानाच त्या मेंदूत येऊन वस्ती करतात आणि जन्मभर तिथेच राहतात. 2005 साली जिवंत उंदरांच्या मेंदूत डोकावून पाहता आलं तेव्हा कळलं की निवांत वाटणाऱ्या या पेशीही आपल्या बारीक फांद्या सतत हलवत, आजूबाजूचं चाचपत असतात.

तुला हे चित्र परकं वाटायचं कारण नाही. तूर फुलावर आली, हरभरा घाटे धरू लागला की तुमच्याकडे रोही आणि रानडुकरांसाठी रात्री जागलीला जातात. एक माणूस मचाणावर, हातात बॅटरी, शेजारी डबा. तो झोपलेला दिसला तरी कान उघडे असतात. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतले जागले.

दाबलाट गेली की मज्जातंतूंचे लांब धागे ताणले जातात, काही तुटतात. पेशी फुटून त्यांच्या आतला ऐवज बाहेर सांडतो. जागल्यांच्या दृष्टीने हा ऐवज म्हणजे कुंपण तुटल्याची खूण. ते फांद्या आवरून घेतात, गोलसर होतात, तिकडे धावतात, कचरा गिळू लागतात आणि रासायनिक आरोळ्या देतात. या आरोळ्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-6 आणि टीएनएफ-अल्फा ही त्यांतली दोन नावं तू अभ्यासक्रमात वाचली असशील. त्याच वेळी रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा झिरपू लागतो आणि बाहेरच्या पांढऱ्या पेशी मदतीला आत येतात. एवढं सगळं मेंदूच्या भल्यासाठीच चाललेलं असतं. कचरा उपसल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. सौम्य दुखापत झालेले बहुतेक जण काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत बरे होतात. अमेरिकी सैन्यात 2000 सालापासून मेंदूच्या दुखापतीचं निदान झालेले पाच लाखांहून अधिक जण आहेत आणि त्यांतल्या पाचांपैकी चारांहून अधिक जणांची दुखापत सौम्य गटातली आहे. या सगळ्यांचं आयुष्य बिघडलं असं अजिबात नाही, हे मोठेबाबांनाही सांग.

पण काहींच्या बाबतीत जागल संपत नाही. डुक्कर निघून गेलं तरी जागल्या डबा वाजवतच राहतो, अंधारात सळसळ झाली की पिकातूनच धावत सुटतो आणि डुकराने तुडवलं नसेल तेवढं पीक त्याच्या पायाखाली जातं. लंडनच्या एका गटाने 2011 साली मेंदूला मार बसलेल्या दहा जणांचं खास प्रकारचं पेट स्कॅन केलं. जागे झालेले मायक्रोग्लिया त्यात उजळून दिसतात. काहींच्या बाबतीत दुखापतीला 17 वर्षं होऊन गेली होती, तरी ते उजळत होते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एकदाच मार बसलेल्या लोकांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले. दुखापतीनंतर वर्षाहून अधिक जगलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक जणांच्या मेंदूत, काहींच्या तर 18 वर्षांनंतरही, या पेशी दाटीवाटीने जाग्या सापडल्या. जिथे त्या सापडल्या तिथला पांढरा भाग झिजत चालला होता. हे दोन्ही अभ्यास मध्यम आणि गंभीर दुखापतीचे होते. मोठेबाबांची दुखापत सौम्य असावी, म्हणून त्यांच्या मेंदूत हुबेहूब तसंच असेल असं मी म्हणणार नाही. मात्र ‘इतक्या वर्षांनी कसं शक्य आहे’ या तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातून मिळतं. शक्य आहे.

दाबलाटेवरचाच एक प्रयोग सांगायला हवा. 2012 साली ली गोल्डस्टीन यांच्या गटाने उंदरांना एकाच स्फोटासमोर ठेवलं. त्यांच्या मेंदूत दाह आणि मज्जातंतूंचा बिघाड दिसला, शिकणं आणि लक्षात ठेवणंही मंदावलं. मग त्यांनी काही उंदरांची डोकी स्फोटाच्या वेळी हलणार नाहीत अशी घट्ट धरून ठेवली. त्या उंदरांची स्मृती शाबूत राहिली. म्हणजे लाट आरपार जाते तेवढ्यानेच भागत नाही. स्फोटाच्या वाऱ्याने डोकं ज्या वेगाने मागेपुढे हेलकावतं, त्या हेलकाव्याचाही मोठा वाटा असतो. मोठेबाबांना विचार, त्या वेळी डोक्यावर शिरस्त्राण होतं का, मान झटकली गेली का, डोकं गाडीच्या पत्र्यावर आपटलं का.

आणखी एक गुण या पेशींत दिसतो. एकदा खडबडून उठलेला मायक्रोग्लिया शांत झाला तरी पूर्वीइतका शांत होत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसतं की पुढच्या वेळी साधा संसर्ग झाला किंवा डोक्याला हलका मार बसला, तरी तो आधीपेक्षा जास्त आरडाओरडा करतो. म्हणून ज्याला एकदा स्फोटाचा धक्का बसला आहे त्याने दुसरा धक्का टाळणं फार महत्त्वाचं. मोठेबाबा मोटारसायकलवर मंगरुळपीरला जात असतील तर हेल्मेटशिवाय सोडू नका. गावच्या रस्त्यावर कोण पाहतंय, हा विचार त्यांच्या बाबतीत चालणार नाही.

इथवर मेंदूच्या आतलं झालं. ताप आणि सांधे तर मेंदूबाहेरचे आहेत. त्यांचा धागा कुठे जुळतो?

मेंदू शरीराच्या संरक्षण यंत्रणेवर दोन लगामांनी ताबा ठेवतो. एक लगाम मज्जातंतूंचा. प्लीहा, आतडी, हाडांतला मगज इथवर मेंदूच्या तारा पोचलेल्या असतात आणि ‘वाढवा’, ‘थांबवा’ असे निरोप नेतात. दुसरा लगाम हार्मोनचा. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी एका नाजूक देठावर लोंबत असते. ती इशारा देते तेव्हा मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. दाहाची धग आटोक्यात ठेवणारा शरीराचा स्वतःचा माणूस म्हणजे कॉर्टिसॉल. आता मडक्यातल्या दह्याच्या हिसक्यात त्या देठाचं काय होत असेल, याची कल्पना कर. 2013 साली ब्रिटनमध्ये अफगाणिस्तानातल्या स्फोटांत मेंदूला मध्यम ते गंभीर इजा झालेल्या 19 सैनिकांच्या हार्मोनची तपासणी झाली. सहा जणांच्या पिट्युटरीत बिघाड निघाला. तेवढीच इजा अपघातात झालेल्या 39 नागरिकांत असा बिघाड एकाच्याच बाबतीत होता. स्फोट हा अपघातापेक्षा वेगळा मार असतो, हे दाखवणारं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. या ग्रंथीचा बिघाड बाहेरून कसा दिसतो? थकवा, झोपेची घडी विस्कटणं, वजन वाढणं, उदासपणा, साधं दुखणं लांबणं. घरात याला ‘वय झालं’ म्हणतात. रक्ताच्या तपासण्यांनी तो शोधता येतो आणि औषधाने बराचसा भरूनही काढता येतो.

मेंदूला मार बसलेल्या आणि त्याबरोबर मनाचे त्रास असलेल्या सैनिकांच्या रक्तात वर सांगितलेले सायटोकाइन वाढलेले काही अभ्यासांत आढळले आहेत. मनाच्या आघाताचा स्वतंत्र वाटाही मोठा आहे. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या 6,66,269 माजी सैनिकांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2015 साली आला. ज्यांना पीटीएसडी होता, म्हणजे जुन्या आघाताने मन पुन्हा पुन्हा त्याच क्षणी खेचलं जात होतं, त्यांच्यात शरीर स्वतःवरच उलटण्याचे आजार, सांधेवाताचे काही प्रकार आणि थायरॉइडचे काही विकार धरून, कोणताही मानसिक आजार नसलेल्यांच्या दुप्पट आढळले. एकामुळेच दुसरं झालं असं यावरून ठरत नाही, पण मन, मेंदू आणि सांधे एकाच घरात राहतात हे नक्की दिसतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. तुम्ही घरात ‘मोठेबाबांची शक्ती कमी झाली’ म्हणत असाल. गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत संरक्षण यंत्रणा खरोखर मंदावते आणि न्यूमोनियासारखे संसर्ग लवकर जडतात. वर्षांनंतरचं चित्र मात्र शक्ती कमी झाल्याचं नाही, तोल बिघडल्याचं आहे. जागल्या अशक्त झालेला नाही, तो झोपायचं विसरला आहे. त्यामुळे प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि काढे यांवर पैसे घालवू नका. आधीच बेभान झालेल्या राखणदाराच्या हातात मोठी काठी देऊन काय साधणार?

मग त्याला दाबून झोपवावं, असं कुणाला वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं होतं. डोक्याच्या दुखापतीत दाह कमी करायला स्टिरॉइड देण्याची पद्धत कित्येक वर्षं होती. 2004 साली तिची कसोटी घेतली गेली. जगभरच्या 10,008 रुग्णांपैकी स्टिरॉइड मिळालेल्यांत दोन आठवड्यांत 21.1 टक्के दगावले आणि न मिळालेल्यांत 17.9 टक्के. त्या प्रयोगाने ती पद्धत मोडीत काढली. म्हणून अंग दुखतं, सांधे आखडतात म्हणून कुठेतरी जाऊन ‘ताकदीचं’ इंजेक्शन टोचून घेणं बंद करा. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि संसर्ग आतल्या आत वाढतो.

ताप-खोकल्याचं खापर सरसकट स्फोटावर फोडू नकोस, हेही सांगायला हवं. जुन्या, सौम्य स्फोट-इजेमुळे माणसाला वारंवार सर्दी-ताप येतो, असं सिद्ध झालेलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा खोकला पंधरा दिवस हटत नसेल तर थुंकीची तपासणी आधी व्हायला हवी, कारण क्षयरोग आपल्याकडे आहे. साखर तपासायला हवी, कारण वाढलेली साखर संसर्ग लांबवते. विडी-तंबाखू असेल तर तेही डॉक्टरांना खरं सांगायला हवं. सांध्यांचं म्हणशील तर मधल्या काळात चिकनगुनिया होऊन गेला का ते आठवा. तो ताप उतरल्यावर महिनोन्महिने, क्वचित वर्षांनंतरही हातांचे सांधे धरून ठेवतो. हे सगळं बाजूला निघालं की मग थायरॉइड, सकाळचं कॉर्टिसॉल आणि पिट्युटरीची बाकी हार्मोनं. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर त्याची तपासणीही करून घ्या, कारण गाढ झोपेत मेंदूतला कचरा धुतला जातो आणि ती झोपच मोडली तर जागल्याला सुट्टी मिळत नाही. दारू असेल तर ती झोपेची आणि मेंदूची दुहेरी वैरीण आहे.

आता कागदांचं. जखमी सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे पुण्यातल्या खडकीत आली. 1944 पासून पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे. कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी 1974 पासून खडकीतच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. पाय गेला, कणा मोडला त्यांच्यासाठी महाराष्ट्रात शंभर वर्षांची परंपरा आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. ज्याचं सगळं जागच्या जागी दिसतं त्याच्याकडे मात्र नोंद हा एकच पुरावा असतो. नेमकी तीच नोंद होत नाही, कारण तो स्वतःच ‘मी ठीक आहे’ म्हणून गाडीतून उतरतो. गडचिरोलीत 1 मे 2019 रोजी जांभुरखेड्याजवळच्या भूसुरुंगात 15 पोलीस आणि एक चालक गेले. 31 मे 2016 ला पुलगावच्या दारूगोळा भांडारात आणि 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत स्फोट झाले. आपल्या विदर्भातल्या या घटना आहेत. अशा प्रत्येक वेळी मृतांची यादी होते, दवाखान्यात भरती झालेल्यांची होते. जे दाबलाटेच्या कक्षेत होते आणि पायी चालत घरी गेले, त्यांचीही यादी त्याच दिवशी व्हायला हवी, असं माझं आग्रहाचं मत आहे. नाव, अंतर, कान, शुद्ध. चार रकाने पुरतात.

मोठेबाबांची यादी तू करू शकतेस. एक वही घे. स्फोटाची तारीख, ठिकाण, गाडीत कुठल्या बाजूला बसले होते, पुढची गाडी किती पावलांवर होती, भान गेलं की क्षणभर काही सुचेना एवढंच झालं, कानातून रक्त आलं का, त्या दिवशीचं काय काय आठवत नाही. आयुष्यात असे आणखी किती स्फोट जवळून झाले, सरावातले मोर्टार आणि तोफाही धर, कारण लहान लहान दाबलाटांची बेरीजही मोजावी लागते. शेजारी बसलेला साथीदार संपर्कात असेल तर त्याला फोन करून विचार. तो सांगेल ते बऱ्याचदा ज्याला लागलं त्याला आठवत नसतं. ही वही, सेवेतली वैद्यकीय कागदपत्रं आणि डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. 2003 सालापासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. तिचं कार्ड असेल तर तिच्या दवाखान्यातून मज्जाविकारतज्ज्ञ, कान-नाक-घसा आणि हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवणी मागा. डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य ‘डोकं दुखतं’ हे नको. ‘हे अमुक साली स्फोटाजवळ होते’ हे असू दे. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

राहिला तिसरा प्रश्न. हडंब्यात सोयाबीनचा गंज पडू लागला की काय होतं, ते जवळून पाहा. आधी इंजिनाची धडधड, मग शेंगा आपटण्याचा कडकडाट, मध्येच ओला पेंढा अडकला की एकदम ‘धप्प’ असा दबका आवाज, आणि सगळीकडे धूळ. दाबलाटेने ज्याचा कान आणि मेंदू दोन्ही हलले आहेत त्याला हे आवाज सुईसारखे टोचतात, कारण आवाज लहान-मोठा करणारं आतलं बटण बिघडलेलं असतं. आणि ज्याच्या मेंदूने एकदा धूळ, धडधड आणि धप्प या क्रमाने मरण पाहिलं आहे, त्याचं शरीर तो क्रम ओळखतं. छाती धडधडते, हात गार पडतात, हे सगळं विचार येण्याच्या आधी होतं. मोठेबाबा अशा वेळी ओरडत नाहीत, कुणावर हात उगारत नाहीत. ते उठून धुऱ्यापलीकडे जातात, आवाज विरळ होईल तिथे बसतात आणि परत येतात. हा घाबरटपणा नव्हे. कुणी न शिकवता सापडलेली शहाणी वाट आहे ती. घरच्यांना माझ्या वतीने हेच सांग.

यंदा सोंगणीच्या वेळी हडंबा कुठल्या दिवशी येणार ते त्यांना आदल्या दिवशी सांगा. अचानक आलेला आवाज जास्त लागतो, सांगून आलेला कमी. कानात घालायचे साधे बोळे मेडिकलमध्ये मिळतात. रात्री दचकून उठत असतील, जगणं नको वाटतं असं बोलत असतील, तर थांबू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि ते धुऱ्यापलीकडे बसतील तेव्हा एखाद्या दिवशी तू चहाचा कप आणि ती वही घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बस. पहिला प्रश्न सोपा विचार: पुढची गाडी किती लांब होती?